एकाहत्तरावं मिनिट

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं नुसते एकमेकांचे श्वास ऐकत बसतो, म्हणून पत्र. सोबत पेनड्राइव्ह आहे. धाकटा ज्या संगणकावर फुटबॉलचा गेम खेळायचा, त्यालाच तो लावा. काय काय करायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. अडलं तर संगणकाला धपाटा घालू नका, तो आपला जुना रेडिओ नव्हे.

वर्षापूर्वी तो गेला, तेव्हापासून कामावरून आले की मी हेच करतेय. गेममध्ये आपल्याला हवे ते बदल करता येतात, त्याला मॉड म्हणतात. मी त्यात आपलं कारखान्याचं मैदान बांधलंय, पत्र्याच्या छपरासकट. गर्दीचा आवाज त्याच्या शेवटच्या सामन्याच्या व्हिडिओतला आहे. सात नंबरचा खेळाडू आपला धाकटा. त्याचं धावणं, मोजा वर ओढणं, दमला की गुडघ्यांवर हात टेकून वाकणं, सगळं त्याच व्हिडिओवरून उतरवलंय. तोच वाटतो का, एवढं कळवा.

लोभ आहेच, जेवणाकडेही असू द्या.
तुमची ताई

ता. १५ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पोचला. आधी उलटा लावला, मग सुलटा. धपाटा घातला नाही.

तीस वर्षं त्या मैदानाचा माळी होतो, तेव्हा आधी चूक सांगतो. उजव्या गोलपुढे जन्मात कधी गवत उगवलं नाही, आणि तू तिथे गालिचा अंथरलास! फाटकाकडची चुन्याची रेघ मात्र वाकडी आहे. ती माझीच, लगेच ओळखली.

धावणं त्याचंच आहे गं. त्याने मोजा ओढला तेव्हा मला उठून पाणी प्यावं लागलं. रोज दुपारी जेवलो की एक सामना खेळतो. सत्तर मिनिटं झाली की बंद करतो, डोळे दुखतात.

पत्राची वाट पाहतो, यात लोभ आला.
बाबा

ता. २४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गवत खरवडून टक्कल पाडलं आहे, नवीन पेनड्राइव्ह सोबत आहे. आता तरी माळीबुवा खूश?

डोळ्यांचं कारण मात्र मला पटलं नाही. तो एकाहत्तराव्या मिनिटाला पडला, हे मी विसरलेले नाही. पण बाबा, गेममध्ये तो पडत नाही. ते मी उतरवलंच नाही. एकदा पुढे खेळून बघा. त्याला पूर्ण नव्वद मिनिटं धावू द्या.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
ताई

ता. २ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दाखातर पुढे खेळलो. तो पडला नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकला, आणि पत्र्याखालच्या गर्दीतून एक आवाज आला. तुला ती नुसती गर्दी वाटली असेल. मला ओळखू आला, कारण तो माझा आहे.

त्या दिवशी मी फाटकापाशी होतो. त्याने वाकूनच माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. त्याला बाहेर यायचं होतं. मी ओरडलो की लाज नाही वाटत का, पळ, अजून वीस मिनिटं आहेत. माझं ऐकून तो पळाला. बारा पावलं पळाला, मी मोजली आहेत.

डॉक्टर म्हणाले की हृदयात जन्मापासून दोष होता, कुणाच्याच हातात काही नव्हतं. मी मान हलवली. पण बाहेर ये म्हणणं माझ्या हातात होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
बाबा

ता. ९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू. हातातलं पातेलं आपटलं. मग खूप रडले. वर्षभर रोज तो आवाज कानांवर पडत होता आणि पोटच्या पोरीला बापाचा आवाज ओळखता आला नाही.

तो काढून टाकते. अर्ध्या तासाचं काम आहे.

लोभ आहे. विचारू नका, आहे.
ताई

ता. १७ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काढू नकोस. बोललो ते बोललो. फक्त त्याच्यापुढे आणखी एक आवाज जोड. शेजारच्या मास्तरांना मैदानावर नेलं आणि त्याच फाटकापाशी उभा राहून त्यांच्या मोबाइलवर रेकॉर्ड केला, ते तुला पाठवतील. पहिल्या दोन वेळा अर्ध्यावरच थांबलो. मास्तर बिचारे पाठ करून उभे राहिले. तिसऱ्यांदा जमलं. त्याला म्हटलंय की बस झालं बाळा, बाहेर ये.

एवढं करशील ना?
बाबा

ता. ३ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

केलं. तो वाकला की खेळाडू बदलायचं बटण दाबा, तुमची हाक ऐकू येईल.

एकच अडचण आली. बाहेर आल्यावर तो बाकावर बसायला हवा, आणि त्याचा बसलेला एकही व्हिडिओ सापडेना. तो कधी बाहेर बसलाच नव्हता. म्हणून तुमचं बसणं त्याला दिलं, माझ्या लग्नाच्या व्हिडिओतून.

सांभाळून खेळा. लोभ दोघांवरही आहे.
ताई

ता. १२ मे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आज दुपारी खेळलो. सत्तर मिनिटं झाली, तो वाकला, माझा पहिला आवाज आला. मी बटण दाबलं. मग दुसरा आवाज आला. त्याने फाटकाकडे पाहिलं आणि तो आला. धावत नाही, चालत आला. बाकावर माझ्यासारखाच पाठीत वाकून, हात मांडीवर टाकून बसला.

मी सामना बंद केला नाही. त्याच्याशिवाय आपण तीन गोलांनी हरलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही तो तिथेच बसला होता.

तुझाही,
बाबा