आज आधी कुठली पेटी

सोमवार, ४ ऑगस्ट
आज सकाळी पूजा आटोपून दुकानात बसलो आणि पाटीवर कामं लिहिली. साखळी गावात बाजापेट्या दुरुस्त करणारा आता मी एकटाच, त्यामुळे चवथीच्या गणपतीआधी रांग लागते. सहा आल्यात. कुणाचा भाता फाटलाय, कुणाची पट्टी अडकते, एकीत उंदरांनी संसार मांडलाय. एक आतेची. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमोण्याला असते. मला सूर तिनेच शिकवला. तिच्या पेटीतला खालचा सा बसलाय, सूर उतरलाय.
सुरुवात उंदरांच्या पेटीने केली. सगळ्यांत घाण काम. तेच आधी का घेतलं?

मंगळवार, ५
एक काम संपून दुसरं उचलण्याआधी पाचदहा मिनिटं नुसता बसतो. तेवढ्यात मनात काय चालतं ते बघायचं ठरवलं.
स. ११ – भाता घेतला. कारण: चामडं आधीच कापून ठेवलेलं.
दु. ३ – अडकलेली पट्टी. कारण: गिऱ्हाईक समोर बसलेलं, काम अर्ध्या तासाचं.
कारणं चांगली आहेत. पण दोन्ही वेळा हात आतेच्या पेटीवरून पुढे गेला. फळीवर ती पहिलीच आहे.

गुरुवार, ७
आतेचा मुलगा चंदू आला. तिचा डावा कान गेला, उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणे यंत्र देतील, बोलणं कळेल. सुराचं सांगता येत नाही. तिचा निरोप: "ताका सांग, माका आयकूंक येता तोवर दी. मागीर कितें, तिचेर पापड वाळत घालूं?"
मी हसलो. चंदू हसला नाही.

शुक्रवार, ८
आजही नाही. खरं ते लिहितो. तिच्या पेटीतल्या पितळी पाती, ज्या थरथरून सूर निघतो त्या, जुन्या; तशा आता मिळत नाहीत. सूर वर आणायचा तर पात टोकाशी कानशीने घासावी लागते. गेल्या वर्षी पेडण्याच्या एका बुवांची तसलीच पात माझ्या हातात तुटली. दुसरी बसवून दिली. बुवांनी पैसे मोजून दिले. पण ती पेटी परत माझ्याकडे आली नाही.
म्हणजे आळस नव्हे. भीतीच. ती इतकी कामसू असते हे माहीत नव्हतं, दिवसभर राबवून घेते.

शनिवार, ९
देवळात प्रसाद घेतला, म्हणजे देवाला कौल लावला. गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, मी विचारलं, "बाकीच्या पेट्या आधी संपवूं?" थोड्या वेळाने उजवीकडची पडली. म्हणजे होय. हलका होऊन घरी आलो.
हिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आतेची आधी करूं काय, अशें विचारलें?"
"ना."
"मग देवान दिलें तें तुमी मागलें तेंच."


सोमवार, ११
पुन्हा गुरवाकडे. म्हटलं, प्रश्न बदलून विचारायचाय.
"एकदां दिलो न्हय प्रसाद?"
"प्रश्न चुकलो."
"प्रश्न चुकूंक ना. तुमकां जाप खबर आशिल्ली, म्हणून तो विचारलो." उत्तर मला आधीच ठाऊक होतं, म्हणे. मग ताम्हन पुसत म्हणाला, "देवाक कामाची पाटी कित्याक दाखयतात? घरा वचात."
हात जोडले. देवाकडे पाहिलं. रागावलेला वाटला नाही.

मंगळवार, १२
सकाळी तिची पेटी खाली काढली. धूळ पुसली. वरचे स्क्रू काढले, आत पाहिलं, परत लावले. एवढंच. पण आतून चंदनासारखा वास आला, तो दिवसभर नाकात राहिला.

बुधवार, १३
पाटीवर काही लिहिलं नाही. चहाच्या आधी बसलो. देवाचं नाव घेतलं, पण मागितलं काही नाही. पात काढून काचेवर धरली, कानशीचा एक हात, वाजवून पाहायचं, परत एक. सात वेळा. सातव्याला हात थांबवला. सा लागला. पात शाबूत.
पात पेटीत बसवून स्क्रू लावले, मगच हिला हाक मारली.
दहाच्या बसने आमोण्याला. आतेने पेटी मांडीशी ओढली, उजवा कान वरच्या फळीला लावला, तळवा भात्यावर ठेवला. म्हणाली, "वाजय." खालच्या सा पासून वर गेलो. तिचे डोळे मिटलेले. ऐकतेय की लाकडातली थरथर हाताला लागतेय, कळायला मार्ग नाही.
मग म्हणाली, "गंधार इल्लोसो चडलो रे."
किंचित वर गेलाय, म्हणे. पण गंधाराला मी हातही लावला नव्हता. पट्टी दाबली. मला बरोबर वाटला. तिने नाही अशी मान हलवली. परत दाबली. चंदूला विचारलं तर तो म्हणतो, मला सगळे सारखेच.
दोघांपैकी कुणाचा कान बरोबर, कोण जाणे. पेटी मात्र दुरुस्तीला परत न आणता तिच्याकडेच ठेवून आलो.