एक कंपनी, एक लायब्ररी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प आज केला. एक तारखेला सगळेच करतात, म्हणून त्यांचे टिकत नाहीत. संकल्प: कंपनीच्या पार्ट लायब्ररीला शिस्त लावायची आणि मार्चअखेर डिझाइन लीड व्हायचं. जागा रिकामी आहे. लीड आपल्यातूनच घेणार, असं विश्वजित सर मीटिंगमध्ये म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या टीममधल्या अस्मिताकडेही बघितलं, पण ती खिडकीत बसते. बाहेर बघायचं तर ती मध्ये येतेच.

घरी सांगितलं. बाबांना लायब्ररी म्हणजे काय ते कळेना. (आई तर गावभर सांगते, हरेश वाचनालयात आहे.) समजावलं की सर्किट बोर्ड कॉम्प्युटरवर काढायचा तर प्रत्येक पार्टचं चित्र लागतं, त्याचे पाय बोर्डाच्या कुठल्या भोकात जाणार ते दाखवणारं. अशा चित्रांचा साठा म्हणजे लायब्ररी. बाबा म्हणाले, म्हंजे तू दिवसभर चित्रा काढतंस. मग म्हणाले, लीड झालास तर मी काय बोलनार नाय. नाय झालास तर एप्रिलपासून रूमा तू बघायच्या.

रूमा म्हणजे तळवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या भाड्याच्या खोल्या. भाडेकरू, गळके नळ, पाण्याची टाकी. त्यासाठी मी इंजिनियर झालो नाही. अट ताबडतोब मान्य केली. हरायचा प्रश्नच येत नाही. प्रिया हसली. धाकटी बहीण आहे, ऐरोलीला बॅक ऑफिसात कामाला जाते, डिझाइनमधलं तिला काय कळणार.

९ जानेवारी, गुरुवार

लायब्ररी उघडली. परिस्थिती माझ्या अपेक्षेपेक्षा वाईट, म्हणजे माझ्यासाठी चांगली.

एकाच रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, चार चित्रं. नावं: ‘रिले’, ‘रिले न्यू’, ‘रिले न्यू फायनल’ आणि ‘रिले अस्मिता हात लावू नये’. ही बाई शाळेत पट्टीवरही नाव कोरत असणार.

आजपासून घोषवाक्य: एक कंपनी, एक लायब्ररी. प्रिंट काढून पँट्रीत चिकटवलं. दुपारी त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. उभ्या भिंतीवर कुणी कप कसा ठेवला, कळत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रत्येक पार्टला नवं नाव देण्याची पद्धत तयार केली. आकडे आणि अक्षरं मिळून लांबलचक कोड. नाव वाचलं की पार्टची कुंडली समोर. सगळ्यांना मेल केली.

संध्याकाळपर्यंत सगळे विचारत होते, साधा रेझिस्टर कुठे गेला. मी म्हटलं, मेल वाचा. मग मलाही एक रेझिस्टर लागला. तो मी मेलमध्ये शोधत नाही, कारण पद्धत माझ्या डोक्यात आहे. जुन्या बोर्डावरून कॉपी केला, वेळ वाचावा म्हणून.

२३ जानेवारी, गुरुवार

मोठा दिवस. अस्मिताची चूक पकडली.

तिच्या रिलेचे पाय कॅटलॉगमधल्या चित्राशी जुळत नाहीत. आरशात बघितल्यासारखे उजव्याचे डावीकडे. आणि वर दम काय, तर हात लावू नये. लावला. कॅटलॉगमधलं चित्र बघून रिले नव्याने काढला, माझ्या पद्धतीचं नाव दिलं आणि बाकी चारही चित्रं उडवली. कॅटलॉगमध्ये त्या चित्राखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

ही गोष्ट मीटिंगमध्ये काढली नाही. सहकाऱ्याची अब्रू आपल्या हातात असते. फक्त चहाला ज्यांनी विचारलं त्यांना सांगितली. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही, म्हणजे उगाच अफवा नको.

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्याकडे एक जुनी प्रथा आहे. नवा पार्ट काढला की त्याचं चित्र खऱ्या मापात कागदावर छापायचं, खरा पार्ट त्या कागदात टोचायचा, कुठला पाय कुठे जातो ते मीटर लावून बघायचं, आणि मगच पार्ट लायब्ररीत. याला सगळे ‘कागद टोचणं’ म्हणतात. इथे मी व्यवस्था उभी करतोय आणि यांचं अजून बालवाडीतलं हस्तकौशल्य चालू आहे.

अस्मिता टेबलापाशी आली. म्हणाली, रिलेचा कागद टोचलास का, पाय मीटरने बघून घे एकदा, मागाहून टेन्शन नको. मी म्हटलं, छापील कॅटलॉगपेक्षा तुझा मीटर मोठा आहे का? ती म्हणाली, बघ बाबा. आणि गेली. हरलेल्या माणसाचं बोलणं असंच आखूड असतं.

नवा नियम केला: लायब्ररी ज्याच्याकडे, त्याची सही पुरेशी. लगेच सही केली.

१० फेब्रुवारी, सोमवार

टाकीच्या कंट्रोलरचा बोर्ड ऑर्डरला गेला. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. मोटर चालू-बंद करतो तो रिले, आणि तो रिले माझा. जुईनगरच्या बऱ्याच सोसायट्यांची ऑर्डर आहे. सर म्हणाले, आधी थोडे बोर्ड मागवून बघू या का? मी म्हटलं, सर, लायब्ररी शुद्ध आहे. पूर्ण बॅच मागवली.

४ मार्च, मंगळवार

बोर्ड आले. टेबलावर लावले. लाइट लागला, रिले टक् वाजला. माणसाला आणखी काय हवं.

अस्मिता चुलत बहिणीच्या लग्नाला महाडला गेली आहे. तिथून मेसेज: नुसत्या लाइटवर जाऊ नको, खरी मोटर लावून बघ, मगच माल पाठव. हळदीत बसूनही हिचं लक्ष माझ्या यशावर.

पण मुद्दा चुकीच्या माणसाने मांडला तरी घ्यावा. खरी मोटर आमच्या घरी आहेच. होळीला सगळं गोत तळवलीत जमतं. तिथेच बोर्ड लावतो. बाबा गप्प, सर खूश. व्हिडिओ काढून मीटिंगमध्ये दाखवायचा.

१३ मार्च, गुरुवार, होळी

बोर्ड लावला. पाहुणे येणार म्हणून बाबांनी टाकी आधीच भरून ठेवली होती. स्विच टाकला आणि मोटर तत्काळ चालू झाली.

प्रिया म्हणाली, अरे पण टाकी तर भरलेली हाय ना? मी म्हटलं, पहिल्यांदा ती स्वतःची तपासणी करते. असं काही नसतं, पण असायला हवं होतं. व्हिडिओ काढला. मग आईने पुरणपोळीला हाक मारली.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

प्रत्येक नव्या तंत्रज्ञानाच्या सुरुवातीला थोडा त्रास होतो.

मोटर थांबलीच नाही. गच्चीवरून पाणी जिन्यात, जिन्यातून अंगणात. भाडेकरूंना वाटलं, मालकाने धुळवड लवकर सुरू केली. त्यांनी बादल्या लावल्या. खालची टाकी आटली तेव्हा बाबांनी मेन स्विच पाडला.

दुपारपर्यंत पाहुण्यांनी वरची टाकीही संपवली. महापालिकेच्या पाण्याने खालच्या टाकीत थोडी भर पडली होती. मी म्हटलं, आता बघा. टाकी रिकामी, म्हणजे मोटर चालू होणार. बोर्डावर लाइट लागला. रिले टक् वाजला. मोटर ढिम्म. सगळे हिरवे-गुलाबी चेहरे घेऊन माझ्याभोवती उभे. मावशीच्या डोळ्यात रंग गेलेला, ती एका डोळ्याने बघत होती.

बाबा म्हणाले, तुझी मोटर उलटी शानी हाय. त्यांनी बोर्ड काढून वायरी थेट जोडल्या. मोटर चालू झाली. सगळे रांगेने आंघोळीला गेले. मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

निष्कर्ष: मोटर जुनी असावी.

१७ मार्च, सोमवार

मोटर जुनी नव्हती.

अस्मिताने बोर्ड हातात घेतला, रिले पालथा केला, मीटर लावला. मग कॅटलॉग उघडून ती बारीक अक्षरं सरांना वाचून दाखवली. ‘खालून बघितल्यावर.’ म्हणजे चित्र रिलेच्या पोटाकडून काढलंय. बोर्डासाठी ते आरशात धरावं लागतं, तसं तिने धरलं होतं आणि मी सरळ केलं. पाय भोकात बरोबर बसतात, फक्त चालू आणि बंदची अदलाबदल होते. पूर्ण बॅचमध्ये.

मी म्हटलं, बोर्ड वरून बघतात, तर चित्र खालून काढायचं कुणी सांगितलं होतं? रास्त प्रश्न होता. सर माझ्याकडे बघत होते. मध्ये कुणीच आलं नव्हतं.

माल वाचवायचा तर प्रत्येक बोर्डावरच्या दोन रेषा ब्लेडने कापून वरून वायर सोल्डर करायची. या कामाला मी स्वतःहून पुढे आलो. सर म्हणाले, हरेश, तू कर.

२८ मार्च, शुक्रवार

बोटांना सोल्डरिंगचे चटके. टाइप करायला त्रास होतो, म्हणून थोडक्यात.

अस्मिता लीड झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, चटके असूनही. पहिलं काम तिने काय केलं, तर लायब्ररी माझ्या बदलांच्या आधीच्या तारखेवर नेऊन ठेवली. मला आता त्यातलं सगळं बघता येतं, बदलता काही येत नाही. मोठ्या पदावरचे लोकही नुसतं बघतातच. हे इथे लिहिताना तितकंसं पटत नाहीये.

पुढचा प्रश्न रूमांचा. बाबांनी विषय काढलेला नाही, म्हणजे पाडव्याला काढणार. मी उत्तर तयार करतोय. बाबा, तुमचा शब्द मला मान्य आहे, पण माझं शिक्षण, माझं क्षेत्र, कंपनीत आत्ता माझी गरज. तिसरा मुद्दा तासतो आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली. जेवणं झाली. बाबांनी कपाटातून रूमांच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. मी सावरून बसलो.

त्यांनी तो प्रियाच्या हातात दिला. म्हणाले, पोरी, आजपासून रूमा तू बघ, तुझ्याकरं डोका हाय. प्रियाने लगेच विचारलं, तळमजल्याचा नळ कोन करतो, त्याचा नंबर द्या. आई म्हणाली, बरा झाला.

मी नाही म्हणायला पूर्ण तयार होतो. मला कुणी विचारलंच नाही.