जिना शेगडीवर उतरतो

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करतो तेव्हा तू कुठल्या तरी गच्चीवर नाहीतर गोदामात असतेस. 'दादा, नंतर बोलते' म्हणतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. म्हणून हे पत्र. ते तुझ्या घरी पडून राहील आणि कधीतरी हाताला लागेल.

बातमी मोठी आहे. आई घर सोडायला तयार झाली. हो, आपलीच आई! जिन्यात घसरली तेव्हापासून मी, तुझी वहिनी, डॉक्टर, सगळे तिच्या मागे लागलो होतो की तिसऱ्या मजल्यावर एकटीनं राहणं आता पुरे. तिचं उत्तर ठरलेलं, मी काय गाठोडं आहे, आज याच्याकडे आणि उद्या तिच्याकडे? वहिनीनं आमच्याकडची मागची खोली तिच्यासाठी लावली, पडदे स्वतः शिवले, तरी बाई ढिम्म. आणि परवा एकदम म्हणाली, येते.

पण अट आहे. ज्या सिनेमासाठी तू जागा शोधून दिली होतीस, आजी आणि तिच्या गोतावळ्याचा, तो नातीनं तिला दाखवला. आता आई म्हणते, त्यातलं घर भाड्यानं घ्या, आपण सगळे तिथे राहू, मग मी एका पायावर तयार आहे. तिथली म्हातारी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसते आणि घरातलं काहीच तिच्या पाठीमागे होत नाही, असं तिचं म्हणणं. घर आपल्या भिंगरीनं शोधलंय, तेव्हा मालकांना तीच पटवेल, हेही तिनं ठरवून टाकलंय.

मी हसण्यावारी नेणार होतो, पण बाबा गेल्यापासून तिला इतकी खुशीत पाहिली नव्हती. मग मी आणि वहिनी जाऊन सिनेमा बघून आलो. राहवेना म्हणून दुसऱ्यांदा गेलो. घर खरंच छान आहे. मी जन्मभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, तेव्हा हात स्वस्थ बसेना. कागद पसरला आणि आराखडा काढायला घेतला. आता गंमत बघ, काही केल्या जुळत नाही. फाटकातून व्हरांडा, व्हरांड्यातून स्वयंपाकघर, तिथून जिना असं काढलं, तर जिना थेट गॅसच्या शेगडीवर उतरतो. जिना सरकवला तर फाटक न्हाणीघरात उघडतं. वहिनी म्हणते, निवृत्त झाल्यापासून हात गेला तुमचा.

माझं कुठे चुकतंय ते कळव, आणि पत्ताही कळव. मालक कोण, घर देतील का, आईची झोपायची सोय तळमजल्यावर होईल का, सगळं लिही.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ आहेच, उत्तर वेळेवर आलं तर वाढेल.

तुझा,
दादा


ता. १२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग मला घाम फुटला.

तुझा हात गेलेला नाही. नकाशा बरोबर आहे, घरच नाही. स्वयंपाकघर आहे ते नर्सेसच्या वसतिगृहातलं. जिना एका संगीतशाळेचा. फाटक, बाग आणि व्हरांडा एका दातांच्या डॉक्टरांचा. वरची आजीची खोली गोदामात प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या करून केलेली. चौथी भिंत नाही, तिथे कॅमेरा. स्वयंपाकघरातून जिन्याकडे निघालास तर बसनं पाऊण तास लागेल, तोही बस वेळेवर आली तर.

त्यातली सून थाळी घेऊन स्वयंपाकघरातून निघते आणि लगेच जिना चढते ना? त्या दोन पावलांच्या मधे कित्येक दिवस गेले. मधल्या काळात सुनेचं काम करणाऱ्या बाईंना सर्दी झाली आणि नाक लाल झालं, म्हणून जिन्यावर त्या पाठमोऱ्या दिसतात. थाळी तेवढे दिवस माझ्या पिशवीत होती, कारण थाळी तीच हवी, ओरखडाही तोच हवा. आजीच्या खिडकीतलं कोवळं ऊन म्हणजे एका माणसानं बाहेरून धरलेला दिवा. जोड कुठे आहे ते कुणाला दिसू नये, याचाच मला पगार मिळतो. पण आई फसावी असं काही माझ्या मनात नव्हतं रे.

तूच तिला सांग. हळूच, चहा झाल्यावर. माझी पंचाईत समजून घे. दिवसभर भटकायचा पगार कोण देतं, असं इतकी वर्षं विचारणाऱ्या बाईला माझ्या कामाचं पहिल्यांदाच कौतुक वाटलंय. आता मीच कुठल्या तोंडानं सांगू की ते सगळं खोटं आहे?

वहिनीला म्हणावं, पडद्यांचा रंग कळव, मला एका कामासाठी तसे हवे आहेत. तुम्हा सगळ्यांच्या लोभावरच माझं चाललंय, तो आटू देऊ नका.

तुझी,
भिंगरी


ता. १८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगायला गेलो, दोनदा चहा प्यालो आणि तोंड न उघडता परत आलो.

आईचा उत्साह बघशील तर तुझीही बोबडी वळेल. तिनं घरमालकांना सांगून टाकलंय की फेब्रुवारीअखेर खोल्या सोडते. मोठं कपाट खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला देऊनही झालं. त्या घरात कोण कुठे झोपणार ते ठरलंय. वरची खोली मला, कारण तिथे उजेड चांगला. मला उजेडाची जागा मिळाल्याचा तिला इतका आनंद की तो दिवा हातात धरलेला होता हे माझ्या जिभेवर येईना.

मला आता भीती वेगळीच वाटते. एकदा का तिचा हिरमोड झाला की ती पुन्हा हटून बसेल आणि त्याच जिन्यावरून भाजीची पिशवी घेऊन चढउतार करत राहील. मागच्या वेळी मनगटावर निभावलं. परत पडली तर काय, या विचारानं मला झोप लागत नाही. ती कुठे राहायची ते राहू दे, पण त्या जिन्यावर नको.

तेव्हा तूच ये आणि सांग. घर तू उभं केलंस, तूच पाड. वहिनीनं रंग कळवलाय, फिका पिवळा. तुला हवे असतील तर आमचेच पडदे घेऊन जा म्हणते, नाहीतरी त्या खोलीत कुणी येत नाही. तिचं मन जरा दुखावलंय, तिलाही दोन ओळी लिही. आमचा लोभ कुठे जात नाही, तूच ये.

तुझा,
दादा


ता. २९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

सांगायचा धीर मलाही झाला नाही, म्हणून नेऊन दाखवलं. तिला म्हटलं, चल, घर बघून येऊ. ती नव्या चपला घालून निघाली आणि पिशवीत मोजपट्टी, तुझ्याच टेबलावरून उचललेली.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. फाटक बघून खूश झाली, कडी दोनदा वाजवून पाहिली. व्हरांड्यातून आत गेलो तर बाकावर गाल धरून माणसं बसलेली. तिला वाटलं हे आधीचे भाडेकरू. माझ्या कानात म्हणाली, हे लोक कधी निघणार? तेव्हा मी सांगितलं की आई, स्वयंपाकघर इथे नाही.

तिथून बसनं संगीतशाळेत गेलो. तिनं जिन्याच्या कठड्यावरून नुसता हात फिरवला. वसतिगृहात पोचलो तेव्हा नर्सेस जेवत होत्या. ती खुर्ची अजून तिथेच आहे. आई जाऊन बसली आणि समोर बघू लागली. सिनेमात तिथून दार दिसतं, जिना दिसतो. तिथे आहे पाण्याची टाकी आणि सूचना चिकटवलेली भिंत. मी तिला सगळं समजावलं, इथे कापतात, तिथे जोडतात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग ती म्हातारी हसली कुणाकडे बघून? मी म्हटलं, माझ्याकडे. त्या भिंतीपाशी मी उभी होते, त्यांची नजर दाराच्या उंचीवर राहावी म्हणून हात वर धरून.

यावर आई रडली, दादा. आवाज न करता. एका नर्सनं पाणी आणून दिलं आणि सवयीनं तिची नाडीही बघितली. मला माझ्या कामाचा तेव्हा अगदी राग आला.

परत येताना चहाला थांबलो तेव्हा ती बोलली. म्हणाली, मला काही मोठं घर नको होतं गं. तुझे बाबा होते तेव्हा दाराशी पाऊल वाजलं की कोण आलं ते मी मान वर न करता सांगायचे. आता कुणी येतच नाही. दादाकडे खोली छान आहे, सुनेनं जीव ओतून लावलीय. पण ती मागे आहे. आईला झोप लागू दे म्हणून तुम्ही दार ओढून घेणार, जेवण आत आणून देणार, आणि घरात कोण आलं कोण गेलं ते मला रात्री कळणार. तुम्ही मला आराम द्यायला निघालात, आणि मला हवी आहे वर्दळ. असं म्हणून तिनं चहा संपवला. मालकांना दिलेला शब्द ती परत घेणार आहे, खोल्या सोडत नाही म्हणून सांगणार आहे. कपाट गेलं ते गेलं म्हणते.

मी तिला पंधरा दिवस थांब म्हटलंय. जागा शोधणं माझं काम, पण ही मला सापडत नाही. तू काहीतरी कर. वहिनीला वेगळं लिहिलंय. लोभ कमी करू नका, मला तो सध्या जास्तच लागेल.

तुझी,
भिंगरी


ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घरात वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, मी त्यांना अडगळीत टाकणार होते असं वाटलं का त्यांना? मी म्हटलं, तसं कुठे म्हणतेय ती. तर म्हणाली, तसं म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातल्या कामावरून परत आली ती पिशवीसकट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मला विचारू लागली की ही मधली भिंत घराचा भार घेते का.

घेत नाही. मला इतकी वर्षं सुचलं नाही ते तिला सुचलं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत आम्ही कमरेपर्यंत उतरवली. पुढच्या खोलीत आईचा पलंग येईल. माझं नकाशांचं टेबल मागे गेलं. वहिनी म्हणाली, जा, तिकडे आता पडदेही आहेत. घरभर धूळ आहे आणि गवंडी रोज उद्या म्हणतो.

खुर्ची कुठे ठेवायची यावरून मी बराच घोळ घातला. मी बसून बघितलं तर दार दिसलं, पण मी आईपेक्षा उंच. म्हणून वहिनीला बसवलं. ती बसली ती उठेचना. म्हणाली, इथे बसलं की बरं वाटतं हो. आणि मग डोळे पुसले, धूळ गेली म्हणाली.

काल जाऊन आईला सांगितलं. यावेळी चहाच्या आधी. आराखडा पुढे ठेवला, तिनं चष्मा लावून बघितला आणि विचारलं, हे घर एकाच जागी आहे ना? मी शपथ घेतली. मग ती म्हणाली, येते.

तुझी नजर या कामात तयार आहे, सवड काढून ये आणि खुर्ची बरोबर आहे का बघ. आमचा लोभ तुला ठाऊक आहे, तो पत्रात मावत नाही.

तुझा,
दादा


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी आले. सगळं सामान लागलं. अजून चहात सिमेंटची चव येते, पण मी बोलत नाही.

तुझ्या सिनेमातल्यासारखं इथे काही नाही. जिना नाही, बाग नाही, व्हरांडा म्हणजे चपला काढायची जागा. पण मी खुर्चीवर बसते तेव्हा समोर दार असतं, दारातून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता असतो, आणि शेगडीपाशी तुझी वहिनी. आमचं झाकणांवरून वाजलं एकदा. तिला ती भांड्यांवर लागतात, मला वेगळी. भांडण झालं ते बरं झालं, त्यानंतर ती मला 'अहो आई, जरा हे निवडा' म्हणायला लागली. त्याआधी पाहुण्यासारखी वागवत होती.

सकाळी दूध येतं, पेपर येतो. नात कॉलेजातून येते आणि आधी माझ्या पुढ्यात दप्तर टाकते. दुपारी सून दुकानातून येते. मी प्रत्येकाला आलीस का, आलास का विचारते. या घरात न येणारा एकच माणूस, तुझा दादा. निवृत्त माणूस, तो कुठे जातच नाही, तर येणार कुठून?

पण आठवडाभर बघतेय, हा सारखा बाहेर जातो. एकदा म्हणाला पेन्सिली आणतो, आला हात हलवत. एकदा म्हणाला पाऊस येईलसं वाटतं, बघून येतो. या दिवसांत! काल तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मी नीट बघत बसले. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ नुसता उभा राहिला, चष्मा पुसला आणि माघारी फिरला. दारात पाय पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, आलास? म्हणाला, आलो. केस पांढरे झाले, पण थाप मारताना अजून कान लाल होतात त्याचे.

मला कळलंय हे मी त्याला कळू दिलेलं नाही. रात्री सुनेला हळूच सांगितलं, तर ती म्हणाली, मला माहीत आहे, मी सांगितलंय त्यांना, जाताच आहात तर कचरा तरी न्या. मी इतकी हसले की ठसका लागला. मग झोपताना रडू आलं, पण ते वाईट नव्हतं. आता तुझ्या बाबांचीही आठवण काढते ती निवांतपणे.

तुझं काम भटकायचं, मला कळतं. चांगलं करतेस हो, मी बघितलंय. खुर्ची बरोबर आहे, त्यासाठी यायची गरज नाही. नुसतीच ये. आधी कळवूही नकोस. मी बसलेलीच असते, आणि इथून दार दिसतं.

माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

तुझी,
आई