सोनं तोलायचा काटा

अप्पा,

काल एका वकिलांचा परदेशी रेकॉर्डप्लेअर माझ्या सोलापूरच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. सुई उडते म्हणून त्यांनी ती धरणाऱ्या आर्मवर चाराण्याचं नाणं चिकटवलेलं, त्या ओझ्यानं रेकॉर्डी खरवडल्या होत्या. पुण्याच्या मेकॅनिकनंही हात टेकले होते. मी आधी नाणं काढलं. सोनं तोलायच्या काट्याच्या एका पारड्यात सुई टेकवली, दुसऱ्यात सुईला लागतो तेवढा, दोन ग्रॅमचा भार म्हणून सोळा गुंजा घातल्या आणि पारडी समान होईपर्यंत आर्मच्या मागचं वजन फिरवलं. मग गाणं असं लागलं की वकील टोपी काढून ऐकत बसले. तुम्ही म्हणायचा, "ह्याच्या हाताला वजन कळत न्हाय."

काटा तुमचाच आहे. बार्शीचं घर सोडताना मी उचलला आणि तुम्ही चोर समजून शरणप्पाला सोन्याच्या पेढीवरून काढलं. गेल्या महिन्यात तो माझ्याकडं कामाला लागला. काटा त्यानं बघताक्षणी ओळखला आणि पुसून जागेवर ठेवला. काल पारडी समान झाल्यावर एवढंच म्हणाला, "मालकांना कळवा की, काटा चांगल्या हातात हाय."

म्हणून लिहायला बसलो. उद्या तो विचारेल, पत्र टाकलं का. मी व्हय म्हणणार, आणि हे पत्र गल्ल्यातच राहणार.

हाताला वजन कळणारा,
तुमचा लेक गुरुलिंग