बोलणं पूर्ण होईपर्यंत

दि. ९ फेब्रुवारी
रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. पाच वर्षांनी अक्षर ओळखलंस का? मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून वॉर्डात फिरवतात. निवृत्तीला सोळा महिने उरलेत. तुझं नकाशांचं काम कसं चाललंय? डोळ्यांना चष्मा लागला असं तुझ्या बायकोकडून कळलं.

आमच्या नर्सिंग कॉलेजात यंदा नव्या प्राचार्या आल्या आणि आल्या आल्या त्यांनी नियम काढला. प्रात्यक्षिकाचे गुण आता फळ्यावर लावायचे नाहीत. प्रत्येक मुलीला समोर बसवून शेरा वाचायला द्यायचा, त्यावर तिचं म्हणणं ऐकायचं, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही. बासष्ट मुली, प्रत्येकी पंधरा मिनिटं. मी कपाळाला हात लावला. माझी घाई तुला ठाऊकच आहे.

दुसऱ्या वर्षात एक मुलगी आहे, तिला सगळ्या 'मुकी' म्हणतात. हात असा हलका की ड्रेसिंग बदललेलं रुग्णाला कळतही नाही. पण 'रुग्णाशी संवाद' या रकान्यात मी तिला दोन्ही सत्रांत वीसपैकी चार दिले होते. शेरा लिहिला होता, 'उदासीन.'

तिने तो वाचला. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तिचे ओठ हलले आणि पहिल्याच अक्षराला अडले. तिचं वाक्य पुरं करायला शब्द माझ्या जिभेवर आला होता, पण नियम आठवला आणि मी तोंड मिटलं. किती वेळ गेला कोण जाणे.

"मी उ-उदासीन नाही, मॅडम. मी अडखळते. रुग्णांना वाटेल हिला काही येत नाही, म्हणून ग-गप्प राहते."

दीड वर्ष माझ्या वर्गात होती रे, आणि मला पत्ता नव्हता. मी तो शब्द खोडला. पुढे काय करायचं ते तिनेच ठरवलं: रुग्णाला आधीच सांगून टाकायचं. मी ते तिच्याच शब्दांत खाली लिहिलं.

परवा वार्षिक प्रात्यक्षिक झालं. तिच्या वाट्याला एक म्हातारे बसचालक आले. पक्षाघाताच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडलेली, अकरा दिवस वाचा बंद. आम्ही सगळ्या त्यांना विचारायचो आणि उत्तरही आपणच द्यायचो. "पाणी हवंय ना? हो, हवंय."

ती स्टूल ओढून बसली. म्हणाली, "आजोबा, मी अ-अडखळत बोलते. मला वेळ लागतो. तुम्हीही घ्या." मग विचारलं, "कुठे दुखतंय?" आणि थांबली.

धाकट्या, तीस वर्षं मी वॉर्डात आहे, पण असं थांबणं पाहिलं नव्हतं. बाहेरचे परीक्षक घड्याळ बघू लागले. ती मात्र आजोबांच्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू तिला दुसरं कुठे जायचंच नाही. म्हाताऱ्यांच्या घशातून "खां... खां..." आलं. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. तिलाही कळलं असणार. पण ती बोलली नाही.

"खांदा," ते म्हणाले. स्वतः.

शेजारी उभ्या त्यांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. खांदा तपासला तर सांधा निखळत चालला होता. आम्हीच रोज त्या हाताला धरून त्यांना उठवत होतो.

संध्याकाळी मी तिला शेरा वाचायला दिला: 'रुग्णाला वेळ देते. हे शिकवता येईल का, मला माहीत नाही.'

तिने वाचला आणि म्हणाली, "येतं, मॅडम. त्या दिवशी तुम्ही मला पूर्ण ब-बोलू दिलंत. तोवर कुणीच दिलं नव्हतं. घरीसुद्धा नाही."

ती गेल्यावर मला तू आठवलास.

लहानपणापासून तुझी वाक्यं मी पूर्ण करत आले. शाळेत, पाहुण्यांसमोर, तुझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा. मला वाटायचं, मी तुला सांभाळून घेते. आणि बाबांना दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं नीट काय बोलले?" घरी बाबांजवळ तू होतास. तुझे ओठ हलत होते. मी म्हणाले, "तू थांब, त्यांना घाई आहे," आणि सांगून मोकळी झाले, "काही नाही, गप्पच होते."

मी तर तिथे नव्हतेच. बाबा तिसऱ्या दिवशी गेले, आणि दिवसकार्य आटोपल्यावर तू माझ्याशी बोलणं सोडलंस. मी सगळ्यांना सांगत राहिले, धाकटा तऱ्हेवाईक आहे.

माझ्या हातून मोठी चूक झाली. माफ कर असं लिहिते, पण तेवढ्याने भागत नाही हे मला कळतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी तुझ्याकडे येते. नको असेल तर बायकोला कळवायला सांग, मी येणार नाही. आले तर बाबा काय म्हणाले होते ते मला सांग. पहिल्या अक्षरावर संध्याकाळ झाली तरी चालेल.

ऐकायला बसलेली,
तुझी ताई