पलकचा तेला

२६ ऑगस्ट
मला न विचारता उपासाचं पच्चक्खाण, पक्का नेम घेऊन आली! तीन दिवस लागोपाठ, पुरा तेला. अकरा वर्षांची पोरगी. जैन स्थानकात साध्वी महासतीजींपुढं हात जोडून उभी राह्यली आन् झालं. आता नुसतं उकळलेलं पाणी, तेबी सूर्य बुडायच्या आत. बाया मला म्हणून राह्यल्या, "प्रेमबाई, काय संस्कार!" संस्कार कसले — हट्ट आहे, बापावानी.
विचारलं, कशाला गं? म्हणे, "पाप धुवायचंय. देवाजवळ जायचंय."
म्हटलं, तुझं कसलं पाप? स्वतःची वेणी घालता येत न्हाई अजून!
उठून आत निघून गेली.

२७ ऑगस्ट
आज बोलली. न बोलती तर बरं झालं असतं.
"मम्मी, मी शिवकन्या मावशीला कपाटाजवळ पाहिलंच नव्हतं. तू ओरडत होतीस म्हणून हो म्हटलं."
शिवकन्या आमच्याकडं सहा वर्षं धुणंभांडी करायची. दिवाळीआधी माझी अंगठी गेली. पलकच्या त्या एका 'हो'वर मी तिला गल्लीत उभं करून चोर म्हटलं. पदर झटकायला लावला. मंग शहागडात कोणी तिला कामाला ठेवलं न्हाई.
आठ दिवसांनी अंगठी पिठाच्या डब्यात निघाली. पीठ काढताना माझ्याच बोटातून पडली असंल.
कोणाला सांगितलं न्हाई. घरात म्हटलं, माहेरून तशीच दुसरी आली. काय करू? सगळ्या गल्लीपुढं बोललेलं परत गिळू?
आता पोरगी सगळं पाप स्वतःचं समजून राह्यली. मी एक शब्द बोलले असते तर अर्धं ओझं उतरलं असतं तिचं.
न्हाई बोलले.

२८ ऑगस्ट, संवत्सरी
सकाळपासून माफीच्या मेसेजांनी मोबाइल वाजून राह्यला. 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.' खाली जोडलेले हात, कमळ. मी पण दोनशे जणांना तेच पुढं ढकललं. त्यातच शिवकन्यालाबी गेलं. पलकला दाखवलं — बघ, मागितली माफी. आता उद्या गुमान पारणं कर.
तिनं वाचलं. "यात आपण काय केलं तेच नाही."
मावशीच्या दारात जायचा तिचा हट्ट यांना सांगितला. पेपरातून डोकं वर न काढता म्हणे, "जाऊन या की. पाच मिनटाचं काम." पाच मिनटाचं! ह्यांना काय जातं बोलायला?
संध्याकाळी स्थानकात जाऊबाईच्या पाया पडले. तिच्याशी यंदा भांडणच झालं न्हाई. सोपं असतं ते.

२९ ऑगस्ट
पारण्याचं ताट बाजूला सारलं पोरीनं! मावशीच्या दारात जाईन, मंगच खाईन म्हणे. ओठ फुटलेले, धड उभं राहता येईना. नेलं शेवटी, दातओठ खात.
शिवकन्या दारात शेंगा फोडत बसल्ती. पलकनं हात जोडले आन् सगळं सांगितलं, काही न गाळता. शिवकन्यानं तिला मांडीवर ओढलं. "येडी गं माजी! त्याच्यापायी तीन दिवस उपाशी?" लगेच मुगाचं पाणी करून आणलं. आमच्या घरची पारणी बघून बघून तिला बराबर माहीत. तिच्या घरचं प्यायचं? — माझ्या तोंडापर्यंत आल्तं. पलक पिऊन मोकळी.
मंग बाई माझ्याकडं वळली. "लेकराचं मिटलं. आन् तुमचं?"
"माझं काय?"
"उन्हाळ्यात दिराच्या साखरपुड्याचे फोटो टाकले व्हते ना स्टेटसला? बोटात तीच अंगठी व्हती. दर दिवाळीला म्याच घासून द्यायची, रिठ्यानं. वळखणार न्हाई का?"
मी म्हटलं, "दुसरी आहे ती."
शिवकन्या परत शेंगा फोडायला बसली.
पलक माझ्याकडं बघत राह्यली.

३० ऑगस्ट
पलकनं सकाळी परत पच्चक्खाण घेतलं. म्हटलं, अगं कालच उपास सोडलास ना!
"तो माझा होता, मम्मी. हा तुझा."