डावा बूट माझा, उजवा तिचा

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने बूट शिवणारी, वयाने थकलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, कोणाच्याही भरीला न पडता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. आधी लिहिलेलं काही सापडलं तर ते रद्द समजावं.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला मिळावी. खिडकीची कडी तिने आधी बदलून घ्यावी.

२. हातोडी, आऱ्या आणि लाकडी साचेही भाचीलाच. साचे फक्त डाव्या पायाचे आहेत. उजवे तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या जुळ्या बहिणीकडे. जोडातला एकेक बूट आम्ही एकमेकींकडे न बघता शिवायचो आणि जोड बरोबर जुळायचा. गिऱ्हाइकांना नवल वाटायचं, आम्हाला कधीच नाही.

३. समोरच्या शिंप्याला माझी छत्री. ती कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहे. आम्हा बहिणींच्या भांडणात त्याने इकडचं तिकडे केलं, त्याचं फळही त्यालाच लखलाभ.

४. दुकानातला माझा अर्धा हिस्सा बहिणीला.

इथे माझा हात थांबला. वडील गेल्यावर दुकानातल्या त्यांच्या खिडकीजवळच्या जागेवरून आमचं वाजलं. ती म्हणे तू बस, मी म्हणे तू बस. शेवटी दोघी एकदमच ओरडलो, "मग तूच सांभाळ दुकान!" मी तिच्यासाठी दुकान सोडलं, तिने माझ्यासाठी सोडलं. दुकान बंद पडलं, आणि एवढं देऊनही ही येत नाही म्हणून दोघी फुगून बसलो. आता मी अर्धा हिस्सा तिला लिहिते आहे, म्हणजे तीही मला लिहीत असणार. पुन्हा तोच घोळ.

म्हणून कलम चार रद्द. मी उद्या सकाळी दुकान उघडायला जाणार.

हे वाचून वकीलसाहेब म्हणाले, "आणि त्या आल्याच नाहीत तर? तुम्ही इथे उठलात म्हणून त्या तिथे थोड्याच उठणार आहेत!"

"माझ्या उठण्याने ती उठत नाही हो. पण मी बसून राहणारी असेन, तर तीही बसून राहणारीच. मी ठरवते ते दोघींचं ठरतं."

"मग सरळ त्यांच्या घरी जा ना."

"मी तिच्या दारात, ती माझ्या दारात, आणि दोन्हीकडे कुलूप. झालंय तसं एकदा."

मला तिची फार आठवण येते. असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत म्हणे. पण मृत्युपत्र माझं आहे.

५. (हे आज पेनाने वाढवलं.) मी पोचले तेव्हा ती शटरशी झटत होती. मागे न बघताच म्हणाली, "गंजलंय गं. एकटीने जात नाही वर." मग दोघींनी जोर लावला.

ज्याच्या नावे काही ठेवलं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब सांगतात. बहिणीच्या नावे मी काहीही ठेवलेलं नाही.

स्थळ: आमचं दुकान.
दिनांक: दुकान उघडलं तो सोमवार.
सही: माझी.

साक्षीदार पहिले: वकीलसाहेब. खरं-खोटं बघायला स्वतः आले होते.

साक्षीदार दुसरी: माझी बहीण. तिने पिशवीतून आणलेल्या तिच्या स्वतःच्या मृत्युपत्रावर साक्षीदार मी.